टर्बाइन इंजिन सुरू करताना हवा, ठिणगी, इंधन. थांबवताना बरोबर उलट

इंदूरमध्ये एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) अभ्यास करणारी काही मराठी मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे येतात. कुणी रामबागेतून येतं, कुणी लोकमान्य नगरातून, एखादा देवासहून बस पकडून. मॉड्यूल १५ (टर्बाइन इंजिनाचा पेपर) मधला स्टार्टिंग आणि इग्निशनचा भाग सगळ्यांना पाठ असतो. तरी मी एक प्रश्न टाकतो: इंजिन पेटलंय, तापमानाचा काटा लाल रेषेकडे धावतोय, तुमचा हात आधी कुठे जाईल? बहुतेक वेळा उत्तर येतं, "स्टार्टर बंद करू, सर."

हे उत्तर परीक्षेत एक गुण घालवतं. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, तेच उत्तर टर्बाइनची पाती घालवतं. शिकलेली माणसंही ही चूक करतात, म्हणून सगळी प्रक्रिया एकदा नीट लिहून काढतो आहे.

उदाहरणाला पीटी६ए-११४ए इंजिनाचं सेसना कॅरव्हॅन घेतलं आहे. एकच इंजिन, विजेवर चालणारा स्टार्टर-जनरेटर, आणि बहुतेक कामं हाताने करायची, त्यामुळे क्रम स्पष्ट दिसतो. खालचे आकडे त्याच विमानाचे आहेत, दुसऱ्या विमानाला लावू नका. प्रत्यक्ष इंजिन रन अधिकृत माणसानेच करायचा आणि मॅन्युअल उघडं ठेवूनच करायचा. हा लेख मॅन्युअलच्या जागी वापरायचा नाही. मॅन्युअलमधली प्रत्येक ओळ तिथे का आहे, ते समजावं म्हणून लिहिला आहे.

आधी क्रम डोक्यात बसवा

कंप्रेसर फिरला तरच कम्बशन चेंबरमध्ये हवा येते. त्या हवेचा साधारण चौथा हिस्साच प्रत्यक्ष जळणाला लागतो. उरलेली हवा ज्वालेला चेंबरच्या भिंतीपासून दूर ठेवते आणि टर्बाइनकडे जाणारा वायू सोसवेल इतका गार करते. सुरुवातीच्या काही सेकंदांत ही हवा फक्त स्टार्टरच्या जोरावर येत असते. स्टार्टर थांबला की गार करणारी हवा थांबली, मग आत ज्वाला असो वा नसो.

म्हणून सुरू करताना आधी हवा, मग ठिणगी, मग इंधन. थांबवताना आधी इंधन, मग ठिणगी, आणि हवा सगळ्यात शेवटी. पुढचे सगळे टप्पे या दोन ओळींतून निघतात. इग्नायटर (ठिणगी देणारा प्लग) काढण्याची पद्धतसुद्धा याच विचाराने चालते: उगम आधी तोडायचा, टोक नंतर.

टप्पा १: विमान कुठे आणि कसं उभं आहे

नाक वाऱ्याकडे हवं. मे-जूनमध्ये इंदूरला पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवशी विमान पूर्वेकडे तोंड करून उभं असेल तर वारा मागून येऊन एक्झॉस्टच्या तोंडावर आदळतो. स्टार्टर हवा पुढून मागे ढकलत असतो आणि वारा तिला अडवत असतो. शिवाय बाहेर पडलेला गरम वायू पुन्हा इनटेककडे वळू शकतो. बॅटरी चांगली, इंजिन चांगलं, तरी तापमान नेहमीपेक्षा वर गेलं अशी तक्रार आली, की मी आधी विचारतो विमान कोणत्या दिशेला उभं होतं.

इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५६४ मीटर उंचीवर आहे. त्यात ऊन, म्हणजे हवा आणखी विरळ. तेवढ्याच फेऱ्यांत कंप्रेसरला कमी हवा मिळते. मुंबईच्या किनाऱ्यावर चालून गेलेला ढिलेपणा इथे मे महिन्यात चालत नाही. मेंटेनन्स रन पुढे ढकलता येत असेल तर तो सकाळी घ्या.

तपासा: चॉक (चाकांचे अडसर) लावलेत, पार्किंग ब्रेक ओढलाय, मागे दुसरं विमान, शिडी, ट्रॉली किंवा उघडं हँगर नाही. फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा असलेला माणूस तुम्हाला दिसतोय आणि त्याला तुम्ही दिसताय.

टप्पा २: इंजिनाभोवती फेरी

इनटेक कव्हर, एक्झॉस्ट कव्हर आणि प्रॉप टाय (पंखा बांधून ठेवणारा पट्टा), तिन्ही निघाले पाहिजेत. प्रॉप टायवर जरा थांबतो. पीटी६एमध्ये गॅस जनरेटर (कंप्रेसर आणि त्याला फिरवणारी टर्बाइन) आणि पंख्याला फिरवणारी पॉवर टर्बाइन यांच्यात यांत्रिक जोड नसते, मध्ये फक्त वायूचा झोत असतो. त्यामुळे पंखा बांधलेला असतानाही इंजिन पेटू शकतं. आत सगळे काटे व्यवस्थित चढतात आणि बाहेर पट्टा ताणला जात असतो. "पट्टा राहिला असता तर इंजिन फिरलंच नसतं" हा तर्क इथे लागू पडत नाही. पट्टा काढून हातात घ्या, आणि मगच तो निघाला असं म्हणा.

इनटेकमध्ये टॉर्च मारून बघा. रॅम्पवरचे खडे, लॉकवायरचा तुकडा, पक्ष्याच्या घरट्याची काडी, काहीही सापडू शकतं. मग खाली वाकून ड्रेनकडे बघा. इंधन ठिबकत असेल तर मागच्या वेळचं इंधन आत साठलेलं आहे. त्याचा निकाल लावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टप्पा ३: वीज मोजा

बॅटरी स्विच ऑन करा आणि व्होल्टेज वाचा. बॅटरीवर स्टार्ट करायचा तर किमान २४ व्होल्ट हवेत. २३.५ दिसले तर "होऊन जाईल" म्हणू नका. थकलेली बॅटरी स्टार्टरला हळू फिरवते, हळू फिरलं की हवा कमी, आणि इंधन मात्र ठरल्याप्रमाणे येतं. हॉट स्टार्टचा, म्हणजे सुरू होताना तापमान मर्यादेबाहेर जाण्याचा, हा सगळ्यात साधा रस्ता आहे.

इथली नेहमीची चूक अशी: रेडिओ, दिवे, फ्लॅप यांच्या तपासण्या अर्धा तास बॅटरीवर करायच्या आणि शेवटी त्याच बॅटरीवर इंजिन सुरू करायचं. व्होल्टमीटर भार नसताना २४ दाखवतो, स्टार्टर लागताच कोसळतो. तपासण्या जीपीयूवर (जमिनीवरून वीज देणाऱ्या यंत्रावर) करा किंवा स्टार्टनंतर करा.

जीपीयू वापरणार असाल तर त्याची क्षमता बघून घ्या. कॅरव्हॅनला स्टार्टसाठी किमान ८०० अँपिअर देणारा जीपीयू लागतो, आणि त्याची मर्यादा १७०० च्या वर नको. अशक्त जीपीयू थकलेल्या बॅटरीइतकाच वाईट. फार ताकदवान जीपीयू स्टार्टरला असा झटका देतो की त्याच्या शाफ्टला इजा होऊ शकते.

स्टार्टरला विश्रांती लागते. बॅटरीवर ३० सेकंद चालवला की ६० सेकंद थांबा, पुन्हा ३० सेकंद, पुन्हा ६० सेकंद थांबा, तिसऱ्यांदा ३० सेकंद, आणि मग पूर्ण ३० मिनिटं विश्रांती. जीपीयूवर वेळ आणखी कमी: २० सेकंद चालू, १२० सेकंद बंद, असं दोनदा, तिसऱ्या २० सेकंदांनंतर ६० मिनिटं. जीपीयूवर मर्यादा कडक का, हे मुलांना कळत नाही. विजेचा पुरवठा जोरकस असला की स्टार्टरमधून प्रवाह जास्त जातो आणि तो लवकर तापतो, एवढंच कारण आहे.

सावधान: ड्राय मोटरिंगचे (इंधन न देता स्टार्टरने नुसतं फिरवण्याचे) सेकंदसुद्धा याच हिशेबात धरायचे. स्टार्टरला इंधन आलं की नाही हे माहीत नसतं, त्याला फक्त आपली उष्णता कळते.

टप्पा ४: कधी थांबायचं ते आधी बोलून घ्या

बटणाला हात लावण्याआधी शेजारी बसलेल्याला मोठ्याने सांगा की कोणत्या चार गोष्टींवर आपण स्टार्ट सोडणार: इंधन दिल्यावर १० सेकंदांत पेटलं नाही, आयटीटी (टर्बाइनमधल्या वायूचं तापमान) १०९० अंशांकडे वेगाने धावली, एनजी (गॅस जनरेटरचा वेग, टक्क्यांत) मध्येच अडकली, ऑइल प्रेशर आलं नाही. बोलून झालं की हाताने एकदा करून दाखवा. कंडिशन लिव्हर (इंधन सोडणारा आणि तोडणारा दांडा) कट-ऑफला कसा जातो आणि त्या वेळी स्टार्टर तसाच कसा राहतो.

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, कारण त्यात इंजिन काहीच करत नसतं. मला हाच टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅरव्हॅनवर १०९० अंश सेल्सिअसची मर्यादा फक्त २ सेकंदांची आहे. दोन सेकंदांत विचार करून निर्णय होत नाही. आधी ठरलेला निर्णय हात अमलात आणतो, इतकाच वेळ मिळतो.

टप्पा ५: फिरवा आणि ठिणगी द्या

पॉवर लिव्हर आयडलला, प्रॉप लिव्हर पूर्ण पुढे, कंडिशन लिव्हर कट-ऑफला, इमर्जन्सी पॉवर लिव्हर नॉर्मलला. टाकीचे सिलेक्टर उघडे, फायरवॉल शट-ऑफ उघडा, बूस्ट पंप ऑन. पुढून मार्शलरचा (खुणा करणाऱ्या माणसाचा) इशारा घ्या आणि स्टार्टर स्विच स्टार्टला न्या. इग्निशन स्विच नॉर्मलला असेल तर स्टार्टरबरोबर ठिणगीही सुरू होते. इग्निशनचा दिवा लागला की नाही, ते डोळ्यांनी बघा.

आता घड्याळ सुरू झालं. एनजी चढू लागेल, ऑइल प्रेशरचा काटा हलेल. पंखा लगेच फिरला नाही तर घाबरू नका. वर सांगितल्याप्रमाणे तो वायूच्या झोताने फिरतो, थोडा उशिरा येतो. नवखा माणूस काचेतून पंख्याकडे बघत राहतो आणि इकडे एनजीचा काटा कुठे गेला ते त्याला दिसत नाही.

तपासा: इग्निशनचा दिवा लागलेला, ऑइल प्रेशर वर येतंय, एनजी किमान १२ टक्के. या तिन्हींना "हो" मिळाल्याशिवाय इंधन नाही.

१२ टक्के हा किमान आकडा आहे. काटा अजून चढत असेल तर तो स्थिरावू द्या. एकेक टक्का म्हणजे जास्तीची गार हवा. पण ३० सेकंदांची मर्यादाही चालू आहे हे विसरू नका. १२ पर्यंत पोहोचतच नसेल तर इंधन न देता सोडून द्या आणि बॅटरी तपासा.

टप्पा ६: इंधन द्या

कंडिशन लिव्हर लो आयडलला न्या, एका हालचालीत. हात लिव्हरवरून काढू नका. फ्युएल फ्लो दिसेल. डोळे आयटीटीवर.

टप्पा ७: पेटल्यापासून आयडलपर्यंत

पेटलं की आयटीटी उसळते, शिखर गाठते आणि खाली येते. त्याच वेळी एनजी सतत वर जात राहिली पाहिजे. दोन्ही काटे एकत्र वाचायला शिका. आयटीटी वर आणि एनजीही वर, तर ठीक. आयटीटी वर आणि एनजी थबकलेली, तर काहीतरी बिघडलंय. निरोगी इंजिन १०९० च्या बरंच खाली वळतं. प्रत्येक स्टार्टचं शिखर एका वहीत लिहून ठेवा, सोबत बाहेरचं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट. महिनाभरात शिखर हळूहळू चढताना दिसलं तर बॅटरी, नोझल किंवा स्टार्टर यांपैकी कोणीतरी थकत चाललंय, आणि ते लाल रेषेपर्यंत जाण्याआधीच तुम्हाला कळतं.

एनजी ५२ टक्क्यांवर स्थिरावली की स्टार्टर ऑफ. इथे दोन उलट चुका होतात. एक म्हणजे घाई: चाळिशीच्या आसपास आवाज भरदार वाटतो म्हणून स्टार्टर सोडायचा. इंजिन अजून स्वतःच्या जिवावर चढू शकत नसतं, ते लटकतं. दुसरी म्हणजे विसर: स्टार्टर ऑफच करायचा नाही. स्टार्टर आणि जनरेटर एकच यंत्र आहे. ते स्टार्टर म्हणून गुंतलेलं असेल तर जनरेटर म्हणून काम करत नाही आणि आतून तापत राहतं. जनरेटरचा दिवा विझत नसेल तर आधी तुमचा स्टार्टर स्विच बघा.

स्टार्ट बिघडला तर

पेटलंच नाही. कंडिशन लिव्हर कट-ऑफ, इग्निशन बंद, मग स्टार्टर बंद. आत इंधनाचे थेंब पसरलेले आहेत. त्यावर पुन्हा ठिणगी दिली तर साठलेलं सगळं एकदम पेट घेईल आणि एक्झॉस्टमधून ज्वाला बाहेर येईल. ३० सेकंद ड्रेन होऊ द्या, मग ठिणगी बंद ठेवून १५ सेकंद ड्राय मोटरिंग. त्याआधी स्टार्टरचा विश्रांतीचा हिशेब जुळतोय ना, ते बघा. खाली ड्रेनकडे माणूस पाठवा. ठिबक थांबल्याचं त्याने सांगितल्यावरच पुढचा प्रयत्न.

लटकलं. पेटलंय, पण एनजी तीस-चाळीसवर अडकली आणि आयटीटी हळूहळू वर सरकतेय. "थोडं थांबू, चढेल" हा मोह इथे सगळ्यात घातक. चढणार नसतं, तापणार असतं. इंधन तोडा. कारण बहुतेक वेळा अशक्त वीज किंवा लवकर सोडलेला स्टार्टर. ही दोन्ही ठीक असतील तर फ्युएल कंट्रोलकडे वळा. पॉवर लिव्हर पुढे करून इंजिनाला "ढकलायचा" प्रयत्न करू नका. हवा नाही म्हणून ते अडकलंय, त्यात तुम्ही इंधन वाढवताय.

हॉट स्टार्ट. इथे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कंडिशन लिव्हर कट-ऑफला. स्टार्टर चालू ठेवा. तोच हवा ओढतोय, तीच हवा ज्वाला विझवून पाती गार करणार आहे. आयटीटी खाली येईपर्यंत, स्टार्टरच्या मर्यादेत राहून, फिरवत राहा. घाबरून स्टार्टर सोडला तर आतला सगळा ताप फिरणं मंदावलेल्या टर्बाइनवर तसाच बसतो.

सावधान: कट-ऑफला नेलेला लिव्हर त्याच स्टार्टमध्ये पुन्हा पुढे करायचा नाही. "काटा खाली आला, आता देऊन बघू" असं म्हणत दिलेलं इंधन तापलेल्या धातूवर पडतं.

मर्यादा ओलांडली असेल तर किती अंश आणि किती सेकंद, दोन्ही लिहा. पीटी६एच्या मॅन्युअलमध्ये तापमान आणि वेळ यांचा आलेख आहे. तुमचा बिंदू त्यात कुठे पडतो त्यावरून पुढची तपासणी ठरते: नुसती नोंद की बोरोस्कोप (आत घालून बघायची दुर्बीण) की इंजिन उतरवणं. "जरा वर गेला होता" असं लिहिलेल्या नोंदीवरून कुणीही काहीही ठरवू शकत नाही. आणि आकडा कमी करून लिहिलात तर तुमच्यानंतर त्या विमानात बसणारा वैमानिक त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून उडणार आहे.

एक्झॉस्टमध्ये आग. इंधन तोडा, इग्निशन बंद, मोटरिंग चालू ठेवा. बाहेरच्या माणसाने लगेच एक्झॉस्टमध्ये फोम मारू नये. बहुतेक वेळा आतली हवाच आग बाहेर फेकून विझवते, आणि फोम आत गेला की गंजाची तपासणी मागे लागते. मोटरिंगने विझत नसेल किंवा ज्वाला इंजिनाबाहेर पसरत असेल तर मात्र वाट बघू नका.

मोठ्या इंजिनांवर: हवेचा स्टार्टर

इंदूरच्या रॅम्पवर रोज दिसणाऱ्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ वर स्टार्टर विजेवर नसतो, हवेवर असतो. एपीयू (विमानातलं छोटं सहायक इंजिन) किंवा जमिनीवरच्या गाडीतून आलेली दाबाची हवा स्टार्टरमधली छोटी टर्बाइन फिरवते, ती गिअरमधून मुख्य इंजिनाला फिरवते. तत्त्व तेच, फक्त व्होल्टच्या जागी दाब. ७३७ एनजीला (इथे एनजी म्हणजे ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिका) बाहेरच्या हवेवर सुरू करताना समुद्रसपाटीला किमान ३० पीएसआय हवेत, आणि दर हजार फुटांना अर्धा पीएसआय वजा करायचा. इंदूर सुमारे १८५० फुटांवर, म्हणजे इथे साधारण २९. हा हिशेब मुलांकडून मी तोंडी करून घेतो, कारण परीक्षेत आकडा समुद्रसपाटीचा येतो आणि नोकरी इंदूरला, भोपाळला, लेहला लागते.

ए३२० वर सीएफएम५६-५बी इंजिन असेल तर जमिनीवरच्या ऑटो स्टार्टमध्ये क्रम संगणक सांभाळतो: सुमारे १६ टक्के एन२ ला (आतल्या शाफ्टच्या वेगाला) ठिणगी, २२ टक्क्यांना इंधन, ५० टक्क्यांना स्टार्टरचा व्हॉल्व्ह बंद. क्रम पुन्हा तोच: हवा, ठिणगी, इंधन. संगणक आळीपाळीने एकच इग्नायटर वापरतो, आणि यातून एक फसवी तक्रार जन्माला येते. एक इग्नायटर मेला तर स्टार्ट कधी झटकन लागतो, कधी उशीर करतो. वैमानिक स्नॅग (दोषाची नोंद) लिहितो, सकाळी आपण रन घेतो, सगळं ठीक, "तपासलं, दोष आढळला नाही" अशी एंट्री पडते. तुमच्या रनला कोणता इग्नायटर चालला होता ते न बघता अशी एंट्री करू नका. दोन्ही वेगवेगळे तपासा.

हवेच्या स्टार्टरमध्ये दोन नाजूक जागा. क्लच, जो इंजिन स्टार्टरच्या पुढे गेल्यावर सुटतो, आणि शाफ्टवरची मुद्दाम कमकुवत ठेवलेली मान, जी जास्त जोर आला तर तुटून गिअरबॉक्सला वाचवते. इंजिन अजून वेगात फिरत असताना स्टार्टर पुन्हा लावला की या दोन्हींवर घाव बसतो. मॅन्युअलने दिलेल्या वेगाखाली येईपर्यंत थांबा. स्टार्टरचं तेलही बघा. अनेक स्टार्टरमध्ये ते वेगळं असतं आणि इंजिनाचं तेल बघणारे ते विसरतात. चुंबकी प्लगवर धातूची बारीक कुसं दिसली तर ती पुसून प्लग परत लावू नका.

इग्नायटर प्लग बदलताना

उमेदवारीत असताना एका हँगरमध्ये मी प्लगकडची जाड केबल आधी सोडली होती. इग्निशन बंद होतं, मी स्वतः बंद केलं होतं. नट सुटला, केबल किंचित बाजूला झाली, आणि पान्यावर फटकन निळी रेघ उठली. हात कोपरापर्यंत बधिर झाला. शिडीच्या खाली उभ्या असलेल्या काकांनी आधी मला खाली उतरवलं, पाणी दिलं, मग एवढंच विचारलं, "बाळा, डबा रिकामा केला होतास का?"

डबा म्हणजे एक्साइटर. त्याच्यात कपॅसिटर असतो. तो ऊर्जा साठवतो आणि साधारण सेकंदाला एकदा प्लगमधून सोडतो. हलक्या एककात ही ऊर्जा ३ ते ६ जूल, भारी एककात १२ जूलपर्यंत. गाडीच्या स्पार्क प्लगशी याची तुलना करू नका, ही मात्रा जीवघेणी ठरू शकते. स्विच बंद केल्याने नवी वीज येणं थांबतं, साठलेली तिथेच असते. ती निचरून जावी म्हणून आत रेझिस्टर असतो, पण तो शाबूत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

१. इग्निशन बंद, सर्किट ब्रेकर ओढा, त्यावर टॅग लावा. कॉकपिटमध्ये कुणी बसलं असेल तर त्याला तोंडानेही सांगा.

२. एक्साइटरला वीज आणणारा कमी दाबाचा (लो व्होल्टेज) कनेक्टर आधी सोडा. उगम तुटला.

३. घड्याळ लावून थांबा. किमान एक मिनिट. मॅन्युअल जास्त सांगत असेल तर तेवढं. मनातल्या मनात मोजलेलं मिनिट नेहमी आखूड निघतं.

४. आता प्लगकडची केबल. एका पान्याने प्लग धरा, दुसऱ्याने केबलचा नट फिरवा, नाहीतर केबल पिळली जाते आणि आतलं इन्सुलेशन तडकतं. केबल सरळ बाहेर ओढा. सुटताच तिचा मधला संपर्क इंजिनाच्या अंगाला टेकवून उरलीसुरली वीज काढून टाका, मॅन्युअलमध्ये दिलेल्या इन्सुलेटेड साधनाने.

५. प्लग काढा आणि त्याखालचे वॉशर त्याच्यासोबतच ठेवा. वॉशर कमीजास्त झाले तर टोक आत किती शिरतं ते बदलतं. जास्त आत शिरलं तर टोक जळतं, कमी शिरलं तर ठिणगी इंधनाच्या फवाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. वर लिहिलेला "पेटलंच नाही" प्रकार कधी कधी एका जास्तीच्या वॉशरमुळे होतो.

६. टोक बघा, घासू नका. गाडीचा प्लग तारेच्या ब्रशने साफ करायची सवय इथे सोडावी लागते. कमी दाबाच्या प्लगच्या टोकावर अर्धवाहकाचा पातळ थर असतो, ठिणगी त्याच्या पृष्ठभागावरून धावते. काळा लेप काढायला गेलात तर तो थरही निघून जातो. गॅप सेट करायलाही इथे काही नाही. झीज मापात आहे का एवढंच मोजा, नसेल तर नवा लावा.

७. केबलच्या टोकाच्या आत टॉर्च मारा. इन्सुलेटरवर काळी नागमोडी रेघ दिसली तर वीज तिथून चोरवाटेने जात होती. नवा प्लग लावूनही दोष राहतो तो अशाने.

८. नवा प्लग, तेच वॉशर, ठरलेला टॉर्क. ग्रीस सांगितलं असेल तर फक्त आट्यांना. टोकाला किंवा संपर्काला ग्रीस लागता कामा नये. केबल जोडा, लॉकवायर करा. एक्साइटरचा कमी दाबाचा कनेक्टर सगळ्यात शेवटी.

सावधान: काही जुन्या एक्साइटरमधल्या सीलबंद वायूनळीत अत्यल्प किरणोत्सर्गी पदार्थ असतो. फुटलेला डबा उघडून बघायचा नाही आणि भंगारात टाकायचा नाही.

शेवटची तपासणी: कानाने

इंजिन कोरडं असल्याची खात्री करा. नुकताच ओला स्टार्ट (इंधन आलं पण पेटलं नाही असा) झाला असेल तर आधी ड्राय मोटरिंग. इंधन बंद, इंजिनाला कुणाचा हात नाही. कॉकपिटमधून इग्निशन द्या आणि बाहेर उभे राहून ऐका. पहाटेच्या शांत हँगरमध्ये टक्, टक्, टक् असा आवाज स्पष्ट येतो, साधारण सेकंदाला एक. एका बाजूला उभं राहून "येतोय" म्हणू नका. पीटी६एमध्ये दोन प्लग असतात, आणि एक गप्प असला तरी दुसऱ्याचा आवाज धातूतून फिरून येतो. प्रत्येक प्लगजवळ जाऊन ऐका. आवाज अडखळत असेल, दोनदा येऊन एकदा गळत असेल, तर केबल आणि डबा दोन्हीकडे परत जा.

आवाज पटला की इग्निशन बंद, टॅग काढा, पाने मोजून पेटीत ठेवा, काऊलिंग लावा. एंट्रीत जुन्या आणि नव्या प्लगचा सिरियल नंबर लिहा, आणि डावा की उजवा तेही लिहा. डावं-उजवं विमानाच्या मागे उभं राहून नाकाकडे बघताना ठरतं. शिडीवर तुम्ही इंजिनाकडे तोंड करून उभे असता आणि तुमचा डावा हात विमानाच्या उजव्या बाजूला असू शकतो, म्हणून लिहिण्याआधी एकदा खाली उतरून शेपटीकडे जाऊन उभे राहा.